मृगाआधी वाडे सावरा

नाचणगावकरांनो, मृग लागायला अजून वेळ आहे. फार नाही, पण आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून येईल आणि तेव्हा हे सांगून काही उपयोग होणार नाही. म्हणून आज, उन्हाचा कडाका असतानाच, हात जोडून सांगतो. आपल्या गावातले आणि आसपासच्या खेड्यांतले जुने मालगुजारी वाडे, पाटलांच्या गढ्या, कापसाच्या पैशातून उभी राहिलेली दुमजली सागवानी घरं यंदाचा पावसाळा कशी काढतील, ते तुमच्या हातात आहे. सरकारच्या नाही. पुरातत्त्व खात्याच्याही नाही. तुमच्या.

आधी धोका नीट पाहून घ्या. माकडांनी कवेलू सरकवलेले असतात. चार-दोन फुटलेले असतात. पहिल्या सरीला पाणी आत येतं ते अंगणात पडत नाही, थेट भिंतीच्या माथ्यावर उतरतं. भिंत दोन हात, कुठे तीन हात रुंद. मातीची. वरून ती भिजत जाते, खालून जोत्याची ओल वर चढते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण दर्शनी बाजूला गेल्या दिवाळीचा ऑइलपेंट चकाकत असतो. मग कधी झडीच्या रात्री, कधी झड उघडून ऊन पडल्यावर, भिंत बसते. एकदम बसते. हाक मारायलाही वेळ देत नाही.

त्या भिंतीच्या आडोशाला कोण असतं? वाडा सोडून जायला तयार नसलेली एक म्हातारी असते. मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारं एखादं कुटुंब असतं. सुट्टीत लपाछपी खेळणारी शेजारची पोरं असतात, आणि त्यांना पडका कोठा सगळ्यात आवडतो. दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात ‘भिंत कोसळून’ अशी चार ओळींची बातमी येते, तेव्हा आपण हळहळतो आणि पान उलटतो. यंदा ती बातमी आपल्या गावची नको.

म्हणून आजच माडीवर चढा. स्वतः चढा, नाहीतर कवेलू फेरणारा माणूस बोलवा. आता त्याला सवड आहे, मे महिन्याच्या शेवटी तो हाती लागणार नाही. फुटके कवेलू बदला. तेवढे पैसे नसतील तर भिंतींच्या माथ्यावर तरी ताडपत्री टाका, दगड ठेवा, दोरीने बांधा. भिंतीला पोट आलं असेल, म्हणजे ती मधून फुगली असेल, तर तिच्यालगतची खोली रिकामी करा. पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. बल्ल्यांचा धिरा द्या. हे सगळं दोन-चार दिवसांचं काम आहे.

आता तुम्ही विचाराल, एवढा खटाटोप कशासाठी? पाडून टाकू, स्लॅब टाकू, मोकळे होऊ. तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर हे वाडे आले कुठून, तिथून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या मळ्यांत गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस बंदरांतच अडकला, कारण उत्तरेच्या आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. हिंगणघाटच्या कापसाचं नाव आधीच झालेलं होतं, आता भाव गगनाला भिडला. कापसाचा हा मुलूख एवढा मोलाचा ठरला की 1862 मध्ये नागपूर जिल्ह्यातून तोडून वर्धा हा वेगळा जिल्हाच केला गेला. आणि त्याचं पहिलं ठाणं कुठे होतं? पुलगावजवळच्या कवठ्याला. म्हणजे नाचणगावच्या शेजारात. पालकवाडीच्या जागी आजचं वर्धा शहर वसवून कचेरी तिकडे नेली ती 1866 मध्ये. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. पुलगावचं स्टेशन आपल्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, आणि तिथून गाठी सुटल्या की थेट मुंबई बंदर.

त्याच दशकातल्या बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली. तोवर सारा गोळा करणारा माणूस आता धनी झाला. हाती कापसाचा पैसा, नावावर गाव. मग वाडे उठले, जुन्यांना नव्या माड्या चढल्या. युद्ध संपल्यावर भाव कोसळले आणि पुष्कळांचा पैसा गेला, वाडा तेवढा राहिला. नाचणगाव त्याच्याही आधीचं गाव. गावाच्या मध्यभागी दगडी भिंतींची सराई असल्याची आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत लोकांनी तिच्याच आसऱ्याने गाव राखल्याची नोंद जुन्या गॅझेटियरात आहे. इथल्या माणसांना भिंतीची किंमत फार आधीपासून ठाऊक होती.

मालगुजारी वाडा नीट बघा एकदा. तुम्ही त्यात वाढलात, म्हणून बघायचं राहून गेलं असेल. दरवाजा एवढा उंच की कापसाने भरलेली बंडी सरळ आत यावी. त्याच्याच फळीत कापलेली दिंडी, रात्री माणसाने वाकून आत यायची. आत शिरताच दोन्ही बाजूंना देवड्या. एकीकडे राखणदार, दुसरीकडे चोपड्या घेऊन बसलेला मुनीम. पुढे चौक, चौकाभोवती छपरी, तिच्या मागे दिवाणखाना. माजघर आत. बाळंतिणीची खोली आणखी आत, जिथे वाऱ्याची झुळूक येते पण झळ येत नाही. जिना भिंतीच्या पोटातून वर गेलेला. जमिनीत ज्वारीची पेवं. मागे बैलांचा कोठा, विहीर आणि सांदवाडी. बांधणाऱ्याला इमारतशास्त्राची पदवी नव्हती. पण काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून तो खाली मुरूम लागेपर्यंत खणत गेला आणि वर दगडी जोतं चांगलं कंबरभर उचललं.

आणि मे महिन्यात दुपारी दोन वाजता त्या माजघरात जाऊन बसा. बाहेर पंचेचाळीस अंश. शेजारच्या स्लॅबच्या घरात कूलर घरघरतो आहे, तरी घामाच्या धारा आहेत. इथे जाड मातीची भिंत दिवसभराचं ऊन आपल्या अंगात मुरवते आणि आतला गारवा राखते. पाडायच्या आधी एवढी एक दुपार तिथे काढा. मग ठरवा.

दुसरा धोका टेम्पोतून येतो. तुम्ही त्याला ओळखता. तो गोड बोलतो. चहा पितो. म्हातारीच्या पाया पडतो. मग खांबाला टिचकी मारून म्हणतो, ‘आजी, हे उधई खाऊन चाललं, चार पैसे देतो.’ आणि घनफुटाने सागवान उचलून नेतो. खांब, हस्त, तुळया, दरवाजाची चौकट. मोठ्या शहरांत फार्महाऊस आणि हॉटेलं वाड्याची शोभा आणायला तेच लाकूड कितीतरी चढ्या भावाने घेतात. एका वाड्याचा जीव काढून दुसरीकडे नकली वाडा उभा करायचा, हा मला तरी शुद्ध निर्लज्जपणा वाटतो. खांब गेला की तुळई लोंबते, तुळई लोंबली की माडी बसते, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस उरलेलं घ्यायला येतो. तेव्हा भाव आणखी पडलेला असतो.

त्याला नाही म्हणा. दारातूनच परत पाठवा. तो एकट्या भावाला गाठत असेल तर बाकीच्यांना लगेच फोन करा. सामायिक मिळकतीतला खांब कुणा एकाच्या सहीवर विकता येत नाही. 1972 चा पुरावस्तू कायदाही त्याला ऐकवा. शंभर वर्षांहून जुन्या, इमारतीतून काढलेल्या वस्तूही त्यात येतात आणि त्या देशाबाहेर विकायला नेणं गुन्हा आहे. आणि उधई लागली म्हणतो ना? स्वतः तपासा. खांबाच्या बुडाशी, जिथे लाकूड दगडी तळखड्यावर टेकतं, तिथे बसा आणि पेचकसाचं टोक हळूच दाबा. टोक अडलं तर खांब शाबूत आहे, आणखी दोन पिढ्या काढेल. टोक आत गेलं तर किती बोटं गेलं ते पाहा. बहुतेक वेळा बूड कुजलेलं असतं आणि वरचा सगळा खांब ठणठणीत असतो. बूड का कुजलं तेही तिथेच दिसेल. कुणीतरी हौसेने फरशी बसवली, तळखडा फरशीखाली गाडला गेला आणि रोजच्या पोछ्याचं पाणी लाकडाच्या बुडाशी साचत राहिलं. जाणता सुतार धिरा देऊन तेवढं कुजकं बूड कापतो आणि नवा सागवानी तुकडा सांधून देतो. चार बोटांच्या कुजीसाठी बारा फुटांचा खांब विकू नका.

तिसरा धोका आपणच, प्रेमाने, घरात आणतो. सिमेंट. भिंत पोपडते, मन खातं, म्हणून गवंड्याला बोलावून सिमेंटचा गिलावा करून घेतो. चार दिवस छान दिसतं. पण मातीची भिंत म्हणजे माणसाचं अंग आहे, तिला घाम येतो आणि तो वाऱ्यावर वाळावा लागतो. सिमेंटने ते बंद होतं. ओल आत कोंडते, माती आतल्या आत भुसभुशीत होते, आणि एक दिवस सिमेंटचा पापुद्रा उभा राहतो पण त्याच्या मागे भिंतच उरत नाही.

सिमेंट लावू नका. ज्यांनी लावलंय त्यांनी जोत्यालगतचा हातभर पट्टा तरी पावसाआधी खरवडून काढा, भिंतीला श्वास घेऊ द्या. माती, कुटार आणि शेण एकत्र भिजवा, आठवडाभर मुरू द्या, पायांनी तुडवा आणि त्याचाच गिलावा करा. तुमच्या आजीला हे येत होतं. गावात अजून पाच-सात बायांना येतं. त्यांना शोधा, त्यांना मानाने बोलवा, आणि त्यांना गवंड्याएवढीच मजुरी द्या. ही कला त्यांच्याबरोबर गेली तर पुढे पैसा ओतूनही मिळायची नाही.

मातीचं काय टिकतं, असं म्हणणाऱ्याला सेवाग्रामला घेऊन जा. तिथलं आदिनिवास 1936 सालचं आहे. बापू कुटीही त्याच सुमाराची. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू, जवळपास मिळेल तेवढंच सामान. तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं आणि तिथली मालगुजारी जमनालाल बजाजांकडे होती. पाहुणे जगभरातून येतात आणि त्या भिंतींना हात लावून बघतात. नव्वद वर्षं होत आली. त्या भिंती अजून उभ्या आहेत त्या कुणाच्या पुण्याईने नाही. दरवर्षी कुणीतरी त्यांना हात लावतं, लिंपतं, कवेलू फेरतं. पवनारचंही तेच. धाम नदीकाठचा बजाजांचा बंगला विनोबांचा आश्रम झाला, तिथे माणसं राहिली, काम चालू राहिलं. आपल्याच जिल्ह्यातली ही घरं आहेत, बसने तासा-दीड तासावर.

आता एक अवघड गोष्ट. वाड्याचं कौतुक करताना गावातली काही माणसं गप्प असतात, ते माझ्या ध्यानात आहे. त्यांचे आजोबा त्या दिंडीतून कधी आत आले नाहीत. ते मागच्या दाराने कोठ्यापर्यंत यायचे. पाडव्याला सालदारकी ठरायची आणि त्यानंतरचं अख्खं वर्ष धन्याचं. वेठीला नेलेले दिवस मुनिमाच्या चोपडीत चढायचे नाहीत, उचल तेवढी चढायची. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, 31 मार्च 1951 ला हा हक्क संपला, आणि पुष्कळांनी सुटकेचा श्वास घेतला. तो श्वास खरा होता. ज्यांना हा वाडा पडलेलाच बरा वाटतो, त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही.

तरी त्यांनाही सांगतो, पडू देऊ नका. हा वाडा मालगुजाराने नुसता बांधवून घेतला. जोत्याचे दगड तुमच्या आजोबांनी वाहिले, गारा तुमच्या आज्यांनी तुडवला, तुळया तुमच्या लोकांनी चढवल्या. भिंत पडली की मालगुजाराचं नाव सात-बारावर आणि जुन्या कागदांत राहीलच. पुसली जातील ती तुमची नावं. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात व्हिटनी नावाचा उसाचा मळा आहे. मळेवाल्याची हवेली तिथेही आहे, पण 2014 साली तो संग्रहालय म्हणून उघडला तेव्हा गोष्ट सांगायला घेतली ती तिथे राबलेल्या गुलामांची, आणि त्यांची नावं दगडावर कोरली. आपल्याकडे दगडही नको, दोनशे पानी वही पुरेल. तरुण पोरापोरींनो, ही वही तुम्ही लिहा. मोबाइल घ्या, म्हाताऱ्यांसमोर बसा, रेकॉर्ड करा. कोण सालदार होता, कोण सुतार, कोण गवंडी, विहीर कुणी खणली, कापूस वेचायला कोणत्या गावच्या बाया यायच्या. मालकाच्या घरात विचारा आणि कोठ्यापलीकडच्या वस्तीतही विचारा. दोन्हीकडे वेगवेगळं ऐकायला मिळेल. दोन्ही लिहा. ऐंशी-नव्वदीतली ही माणसं आणखी किती उन्हाळे काढतील?

वाड्यातले कागदही तसेच घाईचे आहेत. माळ्यावरच्या पेटीत मोडीतल्या चोपड्या असतील, मालगुजारीच्या मोबदल्याचे कागद असतील, जिनिंगच्या पावत्या असतील. ते रद्दीत घालू नका. चुलीत तर नकोच. उन्हात ठेवू नका, सावलीत पसरा, झटका, सुती कपड्यात बांधा, आणि प्रत्येक पानाचा फोटो काढा. मोडी वाचणारी माणसं आजही विदर्भात आहेत.

पुण्याला, नागपूरला, परदेशात गेलेल्या भावाबहिणींनो, हे तुमच्यासाठीसुद्धा आहे. पुष्कळ वाडे पावसाने पडत नाहीत, हिश्शांनी पडतात. सात वारस, सात मतं, आणि कवेलू फेरायचे आठ-दहा हजार रुपये कुणी द्यायचे यावर तीन पावसाळे निघून जातात. वाटणीचं काय ते कोर्टात चालू राहू द्या. पण यंदाच्या ताडपत्रीवर वाद घालू नका. आज रात्री फोन करा. गावातल्या भावाला विचारा, किती लागतात? आणि पाठवून द्या. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत, तुमच्या वाड्याच्या पत्रिकेवर सगळ्यांची नावं आहेत का तेही याच फोनमध्ये विचारून घ्या.

आणि नाचणगावच्या ग्रामसभेत येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. 1 मे जवळ आला आहे. त्या दिवशी या. उठून बोला. रस्त्याचा विषय काढा, कारण वाड्यांची निम्मी दुखणी तिथूनच सुरू झाली आहेत. दर वेळी जुन्या रस्त्यावर नवा सिमेंटचा थर चढतो आणि रस्ता वर जातो. जे जोतं एकेकाळी कंबरेएवढं होतं ते आता घोट्याएवढं उरलं, आणि गल्लीचं पाणी दिंडीतून चौकात शिरतं. पुढचा रस्ता करताना आधी जुना थर खरवडा, वाड्याच्या बाजूने नाली काढा, असा ठराव मांडा. कुठल्या वाड्याला ‘धोकादायक’ म्हणून नोटीस द्यायची असेल तर जेसीबी बोलावण्याआधी मातीची बांधणी जाणणारा माणूस एकदा पाहून जाऊ द्या, हेही ठरावात घाला. वारसा जपणाऱ्या इंटॅकची शाखा नागपूरला आहे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं कार्यालयही तिथेच आहे. ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर दोघांनाही पत्र पाठवा. पण त्यांच्या उत्तराची वाट बघत ताडपत्री घडी करून ठेवू नका.

होईल का हे आपल्याच्याने? मला शंका नाही. 30 मे 2016 च्या रात्री, 31 तारीख उजाडायच्या आधी, पुलगावच्या दारूगोळा भांडाराला आग लागली. आभाळ लाल झालं, जमीन हादरली, आणि आसपासच्या गावांतली माणसं मध्यरात्री एकमेकांना हाका मारत, म्हाताऱ्यांना पाठीवर आणि लेकरांना कडेवर घेऊन बाहेर पडली. तेव्हा कुणी कुणाची जात विचारली नाही, हिस्सा विचारला नाही. त्या रात्री तयारीला एक मिनिटही मिळालं नव्हतं. आज आपल्याकडे काही आठवडे आहेत.

या रविवारी सकाळी आठ वाजता, उन्हं चढायच्या आधी, आपापल्या गल्लीतल्या एका वाड्यासमोर जमा. मालक असा, भाडेकरू असा, नाहीतर नुसते शेजारी असा. शिडी आणा, दोरी आणा, कुटार आणा. सुताराला आदल्या दिवशी सांगून ठेवा. फुगलेली भिंत आधी पाहा, माणसं राहत असतील ती खोली आधी करा, शोभेचं काम नंतर. आणि सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला, तर ज्या वाड्यात एकटी म्हातारी राहते, तिच्या छपरापासून करा.